खुर्ची ठरलेली, काम लिहिलेलं

(दृश्य: वाचनालयाची सकाळ. वर्तमानपत्रांचे स्टँड, अभ्यासिकेतली गर्दी.)

सोलापूरला वाचनालयांचं मोल ठाऊक आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था या शहरानं जपली. अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळपासून जागा धरून बसतात, पेन्शनर मंडळी पेपर चाळतात, आणि भिंतीवर पाटी असते: ‘शांतता राखा’.

पण ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या अनेकांसाठी ही खोली शांत नसतेच. पंख्याची करकर, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, फरशीवर ओढलेली खुर्ची, शेजारच्याच्या पेनाची टकटक. नको असलेले आवाज आपण नकळत मागे सारतो. त्यांच्या कानावर सगळे एकाच जोरानं आदळतात. मग असा एखादा वाचक पुढे-मागे डुलतो, स्वतःशी पुटपुटतो. तो स्वतःला सावरत असतो. आजूबाजूच्यांना मात्र तो त्रास वाटतो, आणि कुणीतरी काउंटरवर जाऊन सांगतं, “अहो, त्याला जरा बाहेर बसवा.”

भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं सांगतं: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. त्या ‘प्रत्येक’ मध्ये हा डुलणारा वाचकही आहे. त्याच्यासाठी भिंतीकडची एक खुर्ची ठरवून द्यावी, पंख्यापासून दूर. गर्दी कोणत्या वेळी कमी असते ते दारावर लिहावं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे रस्ते वळवले जातात, वेळा बदलतात. तो बदल आठवडाभर आधी कळवावा. ज्याचा दिवस ठरलेल्या क्रमावर उभा असतो, त्याला ऐनवेळी बंद दार दिसलं तर सगळा दिवस कोसळतो.

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली. शाळेतून परतणारी मुलं.)

सोलापुरात आणखी एक गोष्ट हमखास नजरेआड होते. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, कुठे कन्नड, कुठे उर्दू. मूल मराठी शाळेत वाचताना अडखळलं की सगळे म्हणतात, “घरची भाषा वेगळी ना, येईल हळूहळू.” पुष्कळदा ते खरंही असतं. पण एखादं मूल ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये, ‘भ’ आणि ‘म’ मध्ये वर्षानुवर्षं गोंधळतं, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी उलटी काढतं, जोडाक्षरापाशी थांबतं, ओळ सोडून खालच्या ओळीवर जातं, आणि गोष्ट तोंडी सांगितली तर सगळी समजते. तिथे डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या अक्षमतेची शंका घ्यायला हवी. भाषेचं कारण पुढे करून आपण त्या मुलाची वर्षं घालवतो. ग्रंथपालाला अशी मुलं चटकन ओळखू येतात, कारण ती चित्रं बघतात आणि पुस्तक परत ठेवतात. त्यांना ओळीखाली धरायला पुठ्ठ्याची पट्टी द्या, मोठ्या अक्षरांची पुस्तकं वेगळ्या कप्प्यात लावा, ऐकायची पुस्तकं दाखवा.

(दृश्य: टॉवेल कारखाना. चेकिंगचं टेबल, जवळून.)

टॉवेल टेबलावर पसरतो. दोन्ही तळवे त्यावरून फिरतात. सुटलेला धागा कात्रीनं कापला जातो, तेलाचा डाग असलेला बाजूला पडतो, चांगल्याची घडी होते, डझनाचा गठ्ठा बांधला जातो. हे काम करणाऱ्या तरुणाला ऑटिझम आहे. डाग त्याच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून ऑटिझम असलेला प्रत्येक जण अशाच कामात तरबेज असतो असं मुळीच नाही. कुणाला हिशेब जमेल, कुणाला गिऱ्हाइकांशी बोलणं.

अडचण कामाची नव्हतीच. यंत्रमागांच्या खडखडाटात सुपरवायझर लांबूनच ओरडायचे, “ते राहू दे, एक्सपोर्टचं घे आधी, आणि हे पण जरा बघून ठेव!” यातलं पहिलं कोणतं? ‘बघून ठेव’ म्हणजे नेमकं काय करायचं? तो हातात टॉवेल धरून उभा राहायचा, आणि आळशी ठरायचा. मग टेबल गोदामाच्या बाजूला सरकवलं. कानाला आवाज रोखणारे मफ दिले. भिंतीवर एक फळा लावला: आज आधी काय, नंतर काय, किती डझन. सूचना देणारा माणूस एकच ठरला. या सगळ्याला खर्च किती आला असेल? फळा, खडू आणि मफ.

लक्ष टिकवणं कठीण जाणाऱ्या, एडीएचडी असलेल्या क्लार्कलाही असा फळा उपयोगी पडतो. मोठं काम तुकड्यांत द्यावं, मधे उठून चार पावलं चालायला मोकळीक द्यावी. आणि मुलाखतीत नजरेला नजर देतो का हे पाहण्यापेक्षा अर्धा दिवस प्रत्यक्ष काम करू द्यावं. घडी घालता येते की नाही, हे टेबलावरच कळतं.

(दृश्य: कारखान्यातला सूचना फलक.)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आधीच्या ७ प्रकारांची यादी २१ वर नेली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच मोडतो) त्यात आल्या. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का या दोन्ही आणि बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा गटांसाठी आहे. एडीएचडीचं नाव मात्र त्या यादीत नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी. तोवर फळ्यावर काम लिहून द्यायला कुणाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

याच कायद्यानं खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलं आहे. २० किंवा अधिक कामगार असतील, तर दिव्यांगांसाठी कोणती पदं योग्य आहेत, निवड कशी होते आणि संपर्क अधिकारी कोण, हेही त्या धोरणात असावं लागतं. अक्कलकोट रोडची किंवा चिंचोळीची एमआयडीसी असो, आपल्या कारखान्याच्या फलकावर तो कागद आहे का, ते उद्या ड्यूटीवर गेल्यावर बघा. नसेल तर ऑफिसात जाऊन मागा.