कोण गेलं, ते आधी बघा

(पौडजवळ मुळेचं पात्र. गुडघाभर पाणी, पाण्याचा आवाज.)

नदीच्या पाण्यात आम्ल मिसळलं की आधी कोणते जीव जातात, ते असं शोधायचं. पायाने तळातले गोटे ढवळायचे आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची. ३ मिनिटं. मग जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उपडी करून थांबायचं. आधी नुसता गाळ दिसतो. हळूहळू गाळच हलायला लागतो.

तीन शेपट्या, पोटाच्या कडेला थरथरणारे कल्ले, ही मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी अळी. वाळूचे कण चिकटवून घर बांधते ती कॅडिसफ्लाय. आणि ही इवलीशी गोगलगाय.

पाणी आम्लधर्मी झालं की गोगलगायी लवकर जातात, कारण शंखाला कॅल्शियम लागतं. सामू, म्हणजे पीएच (सातच्या जितका खाली, तितकं पाणी आम्ल), साडेपाचच्या खाली उतरला की बहुतेक मेफ्लायही नाहीशा होतात. स्टोनफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या दोन शेपट्यांच्या कितीतरी अळ्या मात्र तग धरतात. सांडपाण्यात या दोघीही टिकत नाहीत. तिथे उरतात लालभडक अळ्या, कमी प्राणवायूतही जगणाऱ्या. म्हणून पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ लाल अळ्या सापडल्या तर लगेच आम्लाला दोष देऊ नये.

(जाळ्यातले मासे, शेजारी मोजपट्टी.)

माशांचं दुखणं उशिरा कळतं. आम्लपावसाने नॉर्वेच्या दक्षिणेकडच्या अनेक नद्यांतला सामन (सॅल्मन) मासा संपला. आम्लामुळे मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं, कल्ल्यांवर बसतं आणि मासा गुदमरतो. पण त्याच्याही आधी अंडी आणि पिल्लं मरतात. मोठे मासे पुढे काही वर्षं दिसत राहतात आणि नदी ठीक आहे असं वाटतं. म्हणून मासे नुसते मोजू नका, प्रत्येकाची लांबी लिहा. बोटाएवढी पिल्लं दिसेनाशी झाली, तर ती खरी धोक्याची खूण.

आपल्याकडे काळा कातळ आहे. बेसॉल्ट झिजून पाण्यात बायकार्बोनेट येतं आणि ते बरंचसं आम्ल मारतं. हे आपलं भाग्य, पण त्यातच एक फसगत आहे. धातूला मुलामा देताना वापरलेलं आम्ल कुणी रात्री नाल्यात सोडलं, तर सकाळपर्यंत ते वाहून गेलेलं असतं आणि मीटर पुन्हा सात-साडेसात दाखवतो. दगडाखालच्या मेफ्लाय मात्र एका रात्रीत परत येत नाहीत.

फ्रेझर या अभ्यासकांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी छापली, म्हणून कोणते मासे गेले हे आज सांगता येतं. पौडच्या या दगडाखालच्या किड्यांची नोंदही आत्ताच, नदी जिवंत असताना, दर ऋतूत व्हायला हवी.

(बाटलीवरची चिठ्ठी: मुळा, पौड. तारीख. मेफ्लाय, २३.)