चेहरा एकाचा, पाय दुसऱ्याचे

(पडदा काळा. फक्त आवाज: सिमेंटवरून खडखडत जाणारी चाकं, मग फळी आपटल्याचा टक्क.)

निवेदन:

'बॅक टू द फ्युचर'मधला तो पाठलाग आठवतोय? चित्रपट १९८५चा, पण प्रसंग घडतो १९५५ मध्ये. गावगुंड बिफच्या तावडीतून सुटायला मार्टी एका पोराची खोक्याची स्कूटर उचलतो, वरचं खोकं उपटून फेकतो, आणि हातात उरते चाकं लावलेली नुसती फळी, म्हणजेच स्केटबोर्ड. चौकाला वळसा घालून पोरगा सुसाट सुटतो. शेवटी बिफ त्याला गाडीच्या तोंडावर घेतो आणि ढकलत नेतो. मार्टी बॉनेटवर चढतो, काच ओलांडतो, आत बसलेल्यांच्या मधून सरळ चालत मागच्या बाजूने खाली उडी मारतो. तोवर फळी गाडीखालून निघून बरोबर त्याच्या पायाखाली आलेली असते. बिफ आणि त्याची टोळी? शेणखताच्या ट्रकवर!

(तोच प्रसंग संथ गतीत. चौकट पायांवर.)

आता चेहरा सोडा, पाय बघा. चेहरा मायकेल जे. फॉक्सचा. अवघड जागा आली की मात्र पाय बदलतात. ते आहेत पेर वेलिंडरचे. हा स्वीडनचा फ्रीस्टाइल स्केटर. त्याच्या जोडीला बॉब श्मेल्झर होता. पोस्टरवर ही नावं कुठून असणार! पण त्या दोन मिनिटांनी जगभरातल्या किती पोरांना फळीवर चढवलं, ते कुठल्याही जुन्या स्केटरला विचारा.

स्केटबोर्ड पडद्यावर आला तो असा, उसन्या पायांनी. सुरुवात मात्र तशी नव्हती.

(१४ मे १९६५च्या 'लाइफ' मासिकाचं मुखपृष्ठ.)

ही पॅटी मॅकगी. वय एकोणीस. पांढरी पँट, लाल टॉप, अनवाणी. हात फळीवर, पाय आभाळात, आणि फळी चालती! चेहराही तिचा आणि पायही तिचेच. ती अमेरिकेची मुलींमधली राष्ट्रीय विजेती होती, आणि एका कंपनीच्या फळ्या खपवायला ती गावोगाव प्रात्यक्षिकं करत फिरायची. मुखपृष्ठावरचे शब्द मात्र नीट वाचा. स्केटबोर्डची लाट, असं म्हणतात आणि त्याच दमात तिला संकटही म्हणतात. मासिक खपवायला पोरगी हवी आणि आईबापांना घाबरवायलाही तीच. प्रसिद्धीमाध्यमांचं हे दुटप्पी वागणं तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

भीती अगदीच खोटी होती असंही नाही. तेव्हाची चाकं भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची, काही तर लोखंडी. वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला की फळी जागच्या जागी थांबायची आणि माणूस पुढे. शहरांनी बंदी घातली, लाट ओसरली. सत्तरच्या दशकात फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची चाकं बाजारात आणली, तेव्हा फळी पुन्हा रस्त्यावर आली. मग टीव्ही कसा मागे राहील? १९७६ मध्ये 'चार्लीज एंजल्स'मध्ये फारा फॉसेट फळीवरून गुंडांना गुंगारा देते. त्या भागाची कथा आज कुणी सांगणार नाही, पण तिच्या पायातले नायकीचे बूट लोकांना अजून आठवतात.

ऐंशीच्या दशकात हॉलिवूडला सापडला 'टीनएजर'. तो दाखवायचा म्हणजे टोपी उलटी आणि काखेत फळी. १९८७च्या 'पोलिस अकॅडमी ४'साठी खऱ्या स्केटरांची अख्खी फौज बोलावली होती. त्यात टोनी हॉक नावाचा किडकिडीत पोरगा डेव्हिड स्पेडच्या जागी फळीवर उभा राहणार होता. त्याला काढून टाकलं. कारण काय, तर उंची जास्त! वर्ल्ड चॅम्पियन असून उपयोग काय, पाठमोरा त्या नटासारखा दिसला पाहिजे ना. पुढे 'ग्लीमिंग द क्यूब'मध्ये तोच हॉक पिझ्झाची गाडी चालवताना दिसतो, आणि नायक ख्रिश्चन स्लेटरचे पाय असतात रॉडनी मलेनचे. सपाट जमिनीवर फळी कशीही उलटीपालटी करावी ती याच माणसाने.

(हलती, कडेने फुगलेली चौकट. व्हीएचएसची भुरभुर.)

यावर स्केटरांनी उत्तर काढलं ते साधं होतं: कॅमेरा आपणच धरायचा. १९८४ मध्ये स्टेसी पेराल्टाने आपल्या 'बोन्स ब्रिगेड' या चमूची व्हिडिओ कॅसेट काढली. तो स्वतः जुना स्केटर. पुढे ही रीतच पडली. चित्रण करणाराही फळीवर, हात जमिनीलगत, फिशआय, म्हणजे चौकटीच्या कडा फुगवणारं भिंग चाकांपासून वीतभर अंतरावर. पायऱ्यांवरून उडी, फळी पोटात घुसते, पोरगा कठड्याला धरून वाकतो, उठतो, परत वर चढतो. चित्रपटवाले जे कापून टाकतात ते इथे मुद्दाम ठेवतात. माझं म्हणाल तर या खेळाचं खरं साहित्य हेच, बाकी सगळी जाहिरात.

जाहिरातीचं निघालंच आहे तर एक सांगायलाच हवी. १९९७च्या सुमारास नायकीने एक मालिका केली. त्यात पोलीस पळणाऱ्यांना, टेनिस खेळणाऱ्यांना, गोल्फवाल्यांना हुसकावतात, दंड करतात. आणि शेवटी जाहिरात प्रश्न विचारते: सगळ्याच खेळाडूंना स्केटरांसारखं वागवलं तर? दुखणं अचूक पकडलं होतं. तरी स्केटरांनी बूट काही घेतले नाहीत. बाहेरची कंपनी आपलीच कैफियत आपल्यालाच विकते, हे त्यांना रुचलं नाही. कंपनीला नीट जम बसवायला पुढची काही वर्षं गेली.

(खेळाचा पडदा. १९९९.)

आणि तो उंच पोरगा, टोनी हॉक? नव्वदच्या सुरुवातीला स्केटबोर्डचा धंदा बसला, तेव्हा त्याने पोटाला चिमटा काढून दिवस काढले. मग अॅक्टिव्हिजन त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम काढायला निघाली. एकरकमी पाच लाख डॉलर घे आणि मोकळा हो, असा प्रस्ताव आला. त्याने नाही म्हटलं, विक्रीतला वाटा मागितला. जून १९९९ मध्ये एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत त्याने '९००' मारली, म्हणजे हवेत अडीच गिरक्या. त्याच वर्षी गेम बाजारात आला. पुढचा हिशेब सांगायला नको. या गेममध्ये चेहरा, पाय आणि नाव तिन्ही एकाच माणसाचं होतं.

(राजस्थान. ऊन, धूळ, काँक्रीटचा वळणदार उतार.)

आपल्याकडे हे दृश्य आलं २०२१ मध्ये, 'स्केटर गर्ल'मधून. दिग्दर्शिका मंजरी माकीजानी. 'शोले'तला सांभा, म्हणजे मॅक मोहन, तिचे वडील. उदयपूरजवळच्या खेमपूर गावात चित्रीकरण करायचं तर स्केटपार्क हवा. साधारणपणे असा सेट प्लायवूडचा उभारतात आणि काम झालं की मोडतात. इथे काँक्रीट ओतलं, राजस्थानातला पहिला स्केटपार्क बांधला आणि चित्रीकरणानंतर तो तिथल्या पोरांसाठी ठेवला. कथा थोडी सरळसोट आहे, शेवट आधीच कळतो, हे मान्य. पण एखाद्या चित्रपटाने गावाला गाणं सोडून आणखी काही दिलं, असं रोज कुठे घडतं?

याच चित्रपटात पुण्याची श्रद्धा गायकवाड आहे. तिला डमी लागली नाही, कारण ती मुळातच स्केटर. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट, म्हणजे रस्त्यासारख्या पायऱ्या-कठड्यांवरच्या प्रकारात मुलींचं सुवर्णपदक तिने महाराष्ट्रासाठी आणलं.

(श्रेयनामावली. स्टंट करणाऱ्यांची नावं सगळ्यात वर.)