सही करायच्या आधी टिक कुठे आहे ते बघा

नमस्कार. हॉलमध्ये बरेचसे आईबाबा आहेत आणि मागे दोनचार मुलंही दिसतायत, बरं झालं, कारण सही त्यांचीच असते. मी इथे टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, ॲडव्हायझर आहे, खेळणाऱ्या मुलांची क्रेडिट्स आणि स्कॉलरशिपचे कागद माझ्या टेबलावरून जातात. आज त्यातल्या एकाच कागदाबद्दल बोलणार आहे, लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू मुलगा आणि कॉलेज यांच्यातला स्कॉलरशिपचा करार.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात, मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली नाही का असं विचारतात, आणि मला त्याचा खरंच राग येतो. बेसबॉलवाला अल्बर्ट पुहोल्स मिझुरीच्या मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजात खेळला, बास्केटबॉलवाला जिमी बटलर इथल्याच टायलर ज्युनिअर कॉलेजात होता, बेसबॉलचा जॅकी रॉबिन्सन पॅसाडिना ज्युनिअर कॉलेजचा. रस्ता चांगला आहे, फक्त कागद नीट वाचायला हवेत.

आता हे नियम कोणाचे? देशातल्या बहुतेक दोन वर्षांच्या कॉलेजांचा खेळ एनजेसीएए ही संघटना बघते, 1938 पासून आहे ती. तिच्यात तीन डिव्हिजन. डिव्हिजन वनमध्ये ट्यूशन, फी, पुस्तकं, राहणं-जेवण, शिवाय कोर्सला लागणारं 250 डॉलरपर्यंतचं सामान आणि वर्षातून एकदा घरून कॉलेजला यायचं-जायचं भाडं, एवढं सगळं देता येतं. डिव्हिजन टूमध्ये ट्यूशन, फी, पुस्तकं आणि ते 250 चं सामान, राहण्या-जेवणाचं नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरसुद्धा देता येत नाही. आणि डिव्हिजन कॉलेजची नसते हं, खेळाची असते. हेच टायलर घ्या, टेनिससाठी नावाजलेलं, आणि त्यांची बेसबॉल टीम 2014 ते 2017 सलग चार वर्षं डिव्हिजन थ्रीची नॅशनल चॅम्पियन होती, म्हणजे त्या चॅम्पियन टीममधल्या पोरांना बेसबॉलसाठी स्कॉलरशिप नव्हती. त्यामुळे "शेजारच्यांच्या मुलीला तिथे सगळं फ्री मिळालं" यावरून आपल्या मुलाचा हिशोब करू नका.

आणि "देता येतं" म्हणजे "देतातच" असं नाही, इथेच सगळा घोळ होतो. कोच फोनवर फुल राइड, म्हणजे सगळा खर्च कॉलेजचा, असं म्हणतो, मनापासूनच म्हणतो बहुतेक वेळा, पण कॉलेज बांधलं जातं ते फॉर्मवर टिक केलेल्या गोष्टींना. ट्यूशनला टिक, फीला टिक, पुस्तकांना टिक, राहण्या-जेवणाचा चौकोन रिकामा, आणि घरच्यांनी तो फॉर्म बघितलाच नाही कारण मुलगा 18 चा झालेला, त्याने फोनवरच सही करून टाकली. असं एक कुटुंब ऑगस्टमध्ये हॉस्टेलचं बिल हातात घेऊन माझ्यासमोर बसलं होतं, कॉलेजचं नाव सांगत नाही. कोचला फोन लावला तर तो म्हणे मी ट्यूशनबद्दल बोलत होतो. काय करणार, कागदावर तेच होतं. ट्यूशनला टिक असली तरी विचारा कुठल्या दराची, कारण टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजात डिस्ट्रिक्टमधल्यांचा दर वेगळा, बाहेरच्यांचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून किंवा भारतातून आलेल्यांचा आणखी वेगळा. पुस्तकं मिळणार तर विकत की वापरून परत द्यायची, समर क्लास धरलेत का, दुखापत झाली तर काय, हे सगळं ईमेलवर विचारा आणि उत्तरही लेखी घ्या, कोच बरा वाटतो म्हणून संकोच करू नका, चांगल्या कोचला या प्रश्नांचा राग येत नाही.

दुसरं म्हणजे हा करार एका शैक्षणिक वर्षाचा असतो. दोन वर्षांचं कॉलेज म्हणून दोन्ही वर्षांचे पैसे धरून चालतात लोक, ते चुकीचं आहे, दुसऱ्या वर्षाचा कागद वेगळा होतो. आणि एनजेसीएएच्या दोन कॉलेजांबरोबर सही केली तर मुलगा खेळायलाच अपात्र ठरतो, हे गंमतीत घेऊ नका. मन बदललं तर पहिल्या कॉलेजकडून रिलीज, म्हणजे करारातून मोकळं केल्याचा कागद, घ्यायचा, लेखी, कोचने "जा बाळा" म्हटलं म्हणजे रिलीज झाला नाही. मात्र हे बंधन या संघटनेतल्या कॉलेजांपुरतंच आहे, उद्या चार वर्षांच्या एनसीएए युनिव्हर्सिटीने बोलावलं तर हा कागद आडवा येत नाही. कोणी कोच "आता तू कुठेच जाऊ शकत नाहीस" असं घाबरवत असेल तर ते खोटं आहे.

कॅलिफोर्नियाचं मुद्दाम सांगते, कारण बे एरियातल्या नातेवाईकांचे फोन मला नेहमी येतात. तिथली कम्युनिटी कॉलेजं एनजेसीएएमध्ये नाहीत, त्यांची स्वतःची संघटना आहे आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायला परवानगीच नाही. फुटबॉलवाला ॲरन रॉजर्स तिथल्या ब्यूट कॉलेजला खेळला तोही स्कॉलरशिपशिवायच. तेव्हा तिथे कोणी एजंट फी घेऊन ॲथलेटिक स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणाला तर तिथेच उठा.

आता आपल्या घरांचा प्रश्न. एच-फोरवरच्या, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर आलेल्या मुलांना पेल ग्रँट, म्हणजे सरकारची शिक्षणाची मदत, मिळत नाही, पुण्या-मुंबईहून एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना तर नाहीच, पण ॲथलेटिक स्कॉलरशिपला नागरिकत्वाची अट नाही, म्हणून या मुलांसाठी त्या फॉर्मवरची एकेक टिक जास्त मोलाची. एफ-वनवाल्यांनी सेमिस्टरला 12 क्रेडिट्सच्या खाली जायचं नाही, कोचने सीझनमध्ये क्लास ड्रॉप करायला सांगितलं तरी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारायचं, कारण तिथे खेळ नाही, व्हिसा जातो. आणि टॅक्स. ट्यूशन, फी, लागणारी पुस्तकं यावर टॅक्स नाही, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेली रक्कम उत्पन्न धरली जाते, टॅक्सच्या हिशोबाने नॉनरेसिडेंट असलेल्या एफ-वनवरच्या मुलाच्या त्या रकमेतून कॉलेज साधारण 14 टक्के कापून घेतं. हे कोच सांगत नाहीत, त्यांना बहुतेक माहीतच नसतं, बिझनेस ऑफिसला विचारायचं.

अजून एक, मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या मार्कांची माहिती तुम्हाला फोनवर मिळणार नाही, तो 17 चा असला तरी, विद्यार्थ्यांची माहिती खाजगी ठेवणारा फर्पा नावाचा कायदा आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून परवानगीचा फॉर्म भरून घ्या. चला, आता प्रश्न घेऊया, आणि ज्यांनी फॉर्म बरोबर आणलेत त्यांनी इथे पुढे या, एकेक चौकोन बघून घेऊ.