लोखंड किती टन, की लोखंड कुठे?

मंडळी, घर पुरं झालं की आपल्याकडे पहिली चौकशी असते, "लोखंड किती टन गेलं?" आकडा मोठा सांगितला की ऐकणारा खूश. मी मात्र विचारतो, सळईच्या अंगावर काँक्रीट किती आहे? किनाऱ्यावर घराचं आयुष्य त्यावर ठरतं.

स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर, तिथून फुटिंगवाटे जमिनीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. जुन्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती आणि कमानी फक्त दाबावर उभ्या, म्हणून त्यांना लोखंड लागलं नाही. स्लॅब वाकतो, पोटाकडे ताणला जातो, तिथे सळई लागते. उन्हात दोघांचं प्रसरण जवळजवळ सारखंच होतं, म्हणून त्यांची पकड टिकते.

आता गॅलरी आणि छज्जा बघा. एकाच बाजूला आधार, म्हणजे ताण वरच्या अंगाला आणि मुख्य सळईही वरच. फिटर बिचारा ती नीट बांधून जातो. मग स्लॅबच्या दिवशी घमेली घेतलेली माणसं त्याच जाळीवरून ये-जा करतात आणि सळई दबून तळाला जाते. टनाचा हिशेब तोच, बिल तेच, पण ती सळई तिथे जवळजवळ निरुपयोगी. वरच्या सळईला खालून टेकू देणाऱ्या चेअर लावा, चालायला फळ्या टाका आणि काँक्रीट पडत असताना मालकाने स्वतः वर उभं राहावं. जेवणाची व्यवस्था दुसरा कोणी बघेल.

आता खाऱ्या हवेकडे येतो. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो. त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि गंज रोखला जातो. मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. ते वाऱ्याबरोबर येतं, खाडीच्या न धुतलेल्या रेतीतून येतं, मे महिन्यात मचूळ झालेल्या विहिरीतूनही येतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानक संहितेत लोखंड नसलेल्या काँक्रीटच्या पाण्याला लिटरमागे २००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत मुभा आहे, आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, फक्त ५००. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, आतून रेटतो, आणि एक दिवस छताचा पोपडा खाली येतो. गवंडी त्यावर प्लास्टर फिरवतो, तुम्ही रंग देता, आणि गंज आत चालूच राहतो.

किनाऱ्यावरच्या उघड्या भागांसाठी हीच संहिता सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे तिच्या अंगावरचं काँक्रीट, मागते, किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट मागते (एमपुढचा आकडा जितका मोठा तितकं ते मजबूत) आणि पाणी सिमेंटच्या ०.४५ पट इतकंच. म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, ओल्या रेतीतलं पाणीही त्यातच धरून. लाटांचे तुषार थेट बसत असतील तर कव्हर ५० आणि काँक्रीट एम ३५. आपल्याकडचा 'एकास दीड, तीन' (एक सिमेंट, दीड रेती, तीन खडी) हा माल एम २० चा आहे. एम ३० साठी मिक्स डिझाइन, म्हणजे चाचणी घेऊन ठरवलेलं मालाचं प्रमाण, करून घ्यावंच लागतं. ते टाळायचं आणि वर सळया वाढवायच्या, याला मी उधळपट्टी म्हणतो. आणखी एक: प्लास्टर कव्हरमध्ये मोजायचं नाही. सळईखाली अंतर राखायला ठेवतात त्या कव्हर ब्लॉकच्या जागी चिऱ्याचे तुकडे तर अजिबात नकोत, जांभा पाणी ओढतो. त्याच दर्जाच्या काँक्रीटचे ब्लॉक आधी पाडून ठेवा.

चाकरमान्यांच्या घरांवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया दिसतात. मुलगा कमावता होईपर्यंत त्या पावसात उभ्या. गंज कॉलमच्या तोंडापाशी सर्वांत जास्त खातो, कारण पाणी तिथे साचतं. ठेवायच्याच असतील तर कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा. मजला चढवताना ते फोडा, तारेच्या ब्रशने घासा आणि जोड देण्याआधी कॅलिपरने व्यास मोजा. १६ मिलिमीटरची सळई १४ भरली, तर तिचा जवळजवळ चौथा हिस्सा गेलेला असतो. मग वरच्या मजल्याचं डिझाइन त्या १४ वर करायचं.