जांघेतली गाठ

दृश्य : पुणे, गुलटेकडी, मार्केट यार्ड. ट्रकमधून पोती उतरतायत.

50 किलोचं पोतं पाठीवर घेताना माणूस श्वास रोखतो, पोट आवळतो. पोटातला दाब जांघेवर येतो. पुरुषांची तिथली जागा मुळातच कच्ची, कारण जन्माआधी वृषण पोटातून खाली उतरतात ते याच वाटेनं. ती वाट सैल झाली की आतली चरबी किंवा आतड्याचं वेटोळं बाहेर डोकावतं. हाच हर्निया, जुन्या शब्दात अंतर्गळ. हे दुखणं फक्त हमालांचं नाही. जुनाट खोकला, मलावरोध, प्रोस्टेटमुळे लघवीला करावा लागणारा जोर, यांतही दाब तोच.

दृश्य : तपासणीची खोली.

उभ्यानं खोकलं की डॉक्टरांच्या बोटांना धक्का जाणवतो. आडवं झालं की गाठ आत जाते, म्हणून लोक वर्षानुवर्षं निभावून नेतात. कुणी पट्टा बांधतं. पट्टा गाठ दाबून धरतो, भोक बुजवत नाही. मालिशनंही ते बुजत नाही. त्रास नसेल तर पुरुषांना सर्जनच्या सल्ल्यानं थांबता येतं. बायकांनी मात्र चालढकल करू नये. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी येणारा हर्निया पुरुषांपेक्षा जास्त दिसतो; त्याचं तोंड अरुंद, त्यामुळे आतडं अडकायची भीती मोठी.

अडकलं की गाठ आत जात नाही, टणक होते, ठणकते, वरची कातडी लाल-काळपट पडते. ओकाऱ्या होतात, वारा सरत नाही. रक्तपुरवठा तुटलेलं आतडं काही तासांत सडू लागतं. अशा वेळी गाठ दाबत बसू नका, चहाचा घोटही नको, भूल द्यावी लागणार असते. थेट 108.

दृश्य : ट्रेमध्ये पांढरी जाळी.

ऑपरेशनमध्ये भोकावर बसवायची ही जाळी तळहातापेक्षा थोडी लांब, साधारण 15 बाय 7.5 सेंटिमीटर. पॉलिप्रॉपिलीनची, तांदळाची पांढरी विणलेली पोती याच प्लास्टिकची! 1887 साली इटलीच्या बासिनी या सर्जननं मांडलेल्या पद्धतीत भोकाच्या कडा ओढून शिवत. ताण पडे, काहींचं पुन्हा उसवे. जाळी ठिगळासारखी बसते, ताण येत नाही, आणि तिच्या छिद्रांतून शरीराचाच पेशीजाल वाढून ती पक्की होते.

दृश्य : घर, जिन्याची पायरी.

ऑपरेशननंतर चालणं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. खोकताना, शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरा. जागेवर पाणी साचून फुगवटा आला तर ‘हर्निया परत आला’ म्हणून घाबरायला होतं. बहुतेकदा तो आपोआप जिरतो. ताप आला किंवा पू दिसला तर मात्र लगेच दाखवा. चार ते सहा आठवडे भरलेला सिलिंडर उचलायचा नाही, स्कूटर मेन स्टँडवर चढवायची नाही. दुचाकी चालवण्याआधी घरीच उजवा पाय ब्रेक मारल्यासारखा जोरात दाबून पाहा. कळ आली, तर अजून चार दिवस पीएमपीची बस.