चार ओळी, यादी एकच

(दृश्य : पऱ्हाटीचं वावर, बायांच्या भरलेल्या ओट्या, बांधावरचा काटा)

यवतमाळ जिल्हा. दिवाळीनंतरची कापूस वेचणी. मजुरी किलोवर, म्हणून संध्याकाळी काटा लागतो आणि प्रत्येकीचं वजन वहीत चढतं.

(दृश्य : गावातला कॉम्प्युटर वर्ग, पडदा जवळून)

तीच वही इथं पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत उतरते आहे. चार बाया, तीन दिवस. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं. गावातल्या पोरांना ते तसंच शिकवायला हवं.

वेचा = [[0] * 3] * 4

शून्यांच्या चार ओळी. पहिल्या ओळीत पहिल्या दिवसाचे ३२ किलो टाकले. एंटर. चारही ओळींत ३२.

"सर, मी तं पहिल्याच ओळीत टाकलं. चारहीत काहून आलं?"

गुणिले चारनं चार याद्या (list) बनत नाहीत. आतली यादी एकच बनते, बाहेरचे चारही कप्पे तिच्याकडेच बोट दाखवतात. घरी बाळी, शाळेत सुनंदा. मेंदी बाळीला लावली, तरी हात सुनंदाचेच रंगणार. आयडी म्हणजे वस्तूचा ओळख-आकडा. id(वेचा[0]) विचारा, मग id(वेचा[3]). पाहा, तोच लांबलचक आकडा दोनदा.

मग आतलं गुणिले तीन का बाधत नाही? तिथंही शून्य एकच, तीन जागी. पण अंक स्वतः बदलत नाही. ३२ लिहिलं की तो कप्पा नव्या अंकाकडे वळतो. यादी मात्र जागच्या जागी बदलते. सगळी मेख इथंच आहे.

हा तक्ता तसाच भरला, तर शेवटच्या बाईचं वजन चौघींच्या नावावर चढतं, मजुरीही त्यावरच.

(दृश्य : कीबोर्डवर बोटं, नवी ओळ)

वेचा = [[0] * 3 for _ in range(4)]

आता प्रत्येक फेरीला नवी यादी. चार आयडी, चारही वेगळे.

मागच्या हप्त्याची प्रत ठेवताना 'जुना = वेचा' लिहू नका; ते नुसतं दुसरं नाव झालं. वेचा.copy() केलं तर बाहेरची यादी नवी, आतल्या ओळी त्याच. पूर्ण सुटी प्रत हवी, तर copy मॉड्यूलमधलं deepcopy.

फंक्शनच्या कंसात 'यादी=[]' दिलं, तर ती यादी फंक्शन बनवणारी def ची ओळ चालते तेव्हा एकदाच बनते; पुढं यादी न देता हाक मारली की पहिलीचं वजन दुसरीच्या नोंदीत निघतं. तिथं None (म्हणजे 'काहीच नाही') लिहा, आणि कोरी यादी फंक्शनच्या आत बनवा.