‘डोन्ट थिंक’मधला ‘डोन्ट’ कुणाचा?

‘आय थिंक ही विल नॉट कम.’ मी इंग्रजी शिकवत होतो तोवर हे वाक्य दर वर्षी कुणा ना कुणाच्या वहीत सापडायचंच. मी त्याखाली लाल रेघ मारायचो आणि वर लिहायचो, ‘आय डोन्ट थिंक ही विल कम.’ एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, तो माणूस थिंक तर करतोय. मग डोन्ट थिंक कसं?” मी म्हटलं, “इंग्रजीत असंच म्हणतात, बस खाली.” शिक्षकाचं हे ठेवणीतलं उत्तर. तिचा प्रश्न बिनतोड होता, आणि आजचं बोलणं त्यावरच आहे.

आधी बघू, की तो नकार नक्की कुणाचा. इंग्रजी माणूस वाक्याला शेपूट जोडतो, आपण ‘हो ना?’ जोडतो तसं. नियम असा, की वाक्य होकारी असेल तर शेपूट नकारी, आणि वाक्य नकारी असेल तर शेपूट होकारी. ‘ही विल कम, वोन्ट ही?’ ‘ही वोन्ट कम, विल ही?’ आता आपलं वाक्य घ्या. इंग्रज म्हणतो, ‘आय डोन्ट थिंक ही विल कम, विल ही?’ शेपूट लागलंय ‘ही विल कम’ला. ते वाक्य दिसायला होकारी आहे, म्हणजे शेपूट ‘वोन्ट ही’ असायला हवं होतं. पण आलं ‘विल ही’. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात आतलं वाक्य नकारीच आहे. ‘डोन्ट’ बसलाय थिंकच्या दारात, पण घर त्याचं ‘कम’पाशी.

हे काही नव्याने कळलेलं नाही. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली नकारावरच्या आपल्या पुस्तकात हे नोंदवलं होतं. 1963 साली अमेरिकेत चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञाने ते व्याकरणाच्या नियमात बसवलं: नकार खालच्या, म्हणजे आतल्या, वाक्यात जन्मतो आणि वरच्या क्रियापदावर, म्हणजे ‘थिंक’वर, चढतो. त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकात, कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांना लॅटिनमध्ये हाच घोळ दिसला होता. ‘पाप करणं हे कर्तव्य नाही’ असं लोक म्हणतात, पण त्यांना म्हणायचं असतं ‘पाप न करणं हे कर्तव्य आहे’. धर्मगुरूच्या दृष्टीने दोन्हींत केवढा फरक! आपल्याकडे ‘नये’ आहे, त्यामुळे ‘पाप करू नये’ म्हटलं की विषय मिटतो.

पण नकार वाटेल त्या क्रियापदावर चढत नाही. थिंक, बिलीव्ह, सपोज, एक्स्पेक्ट, वॉन्ट यांच्यावर चढतो. नो (माहीत असणं), से (म्हणणं), होप (आशा करणं) यांच्यावर नाही. मराठीत करून बघा. ‘तो येईल असं वाटत नाही’ आणि ‘तो येणार नाही असं वाटतं’ यांत जवळपास एकच अर्थ. पण ‘पाऊस पडेल अशी आशा नाही’ असं म्हणणारा शेतकरी आणि ‘पाऊस पडणार नाही अशी आशा आहे’ असं म्हणणारा मांडववाला, हे दोघं एका पंगतीला बसणार नाहीत.

मराठीचा आणखी एक पुरावा मला फार आवडतो. आपण म्हणतो, ‘तो काही येणार नाही.’ हा ‘काही’ नकाराच्या आधाराने जगतो. ‘तो काही येणार’ असं सरळ विधान कुणी करत नाही. पण ‘तो काही येईल असं मला वाटत नाही’ हे अगदी घरगुती वाक्य. ‘काही’ आतल्या वाक्यात, त्याचा आधार मात्र बाहेर ‘वाटत’पाशी. आता ‘वाटत’ काढून ‘म्हणाला’ घाला: ‘तो काही येईल असं ती म्हणाली नाही.’ कानाला खटकतं की नाही?

असं का होतं? रेनाटे बार्टश या जर्मन अभ्यासक बाईंनी 1973 साली दिलेलं उत्तर साधं आहे. कुणाला मत विचारलं, की त्याने काहीतरी मत बनवलंय असं आपण धरून चालतो. एक तर येईल असं वाटतं, नाहीतर येणार नाही असं. एक नाकारलं की दुसरंच उरतं. ‘माहीत असणं’ तसं नाही. तिथे तिसरी जागा मोकळी असते, अज्ञानाची. लॉरेन्स हॉर्न या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने त्यात भर घातली, की हे सगळं मधल्या पट्ट्यातल्या, म्हणजे ‘शक्य’ आणि ‘नक्की’ यांच्या मधल्या, शब्दांना जमतं; दोन टोकांना नाही. ‘येणं शक्य नाही’ आणि ‘न येणं शक्य आहे’ यांत फार अंतर. ‘येईल हे नक्की नाही’ आणि ‘येणार नाही हे नक्की’ यांतही तेवढंच. थिंक आणि लाइकली मध्ये बसतात, म्हणून तिथे नकार इकडचा तिकडे सरकला तरी फार बिघडत नाही.

फार नाही, पण थोडं बिघडतंच. नकार ‘कम’पासून जितका लांब, तितका तो बोथट. माझी लाल रेघ इथे चुकत होती. ‘आय थिंक ही विल नॉट कम’ हे अशुद्ध नाही, ते जास्त ठाम आहे, जणू न येण्याची खबर आधीच लागलीय. इंग्रजाला बहुतेक वेळा एवढं ठाम व्हायचं नसतं, एवढंच.

हा बोथटपणा कुठवर जातो ते मला इंग्लंडमधल्या एका आगगाडीत कळलं. माझी उंची तुम्ही बघताच आहात. एक आजीबाई वरच्या फळीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, ‘आय डोन्ट सपोज यू कुड रीच दॅट बॅग?’ मी शब्दशः घेतलं: तुमचा हात काही तिथवर पोचेल असं मला वाटत नाही. म्हटलं, आल्या आल्या उंची काढली बाईंनी. मी जरा फणकाऱ्यानेच ‘नो, आय कान्ट’ म्हणून वर्तमानपत्रात डोकं घातलं. बाई मात्र ‘सो सॉरी’ म्हणत राहिल्या. दोन स्टेशनं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण नाही का दुकानदाराला विचारत, ‘सुटे नसतीलच ना तुमच्याकडे?’ त्याला नाही म्हणायची सोय आपण आधीच करून ठेवतो. बाईंनी तेच केलं होतं, आणि मी ती सोय पुरेपूर वापरली होती. मग मी उठलो, सीटवर चढलो आणि बॅग काढून दिली.